चौगुले मास्तरांच्या फिरत्या नोटा

आजकाल माझ्या झेरॉक्सच्या दुकानात नोट दिसली तर अप्रूपच वाटतं. दोन रुपयांची एक प्रत काढली तरी माणूस मोबाईल वर करून स्कॅनर शोधतो. परवा एका आजोबांनी विसाची नोट काउंटरवर ठेवली, तर मी ती उचलून आधी नंबर वाचला आणि मग गल्ल्यात टाकली. आजोबा म्हणाले, "खोटी न्हाय हो बाई." मी म्हटलं, "खोटी नव्हे हो आजोबा. कुठनं फिरत आली असंल ते बघत होते." आजोबांना काही कळलं नाही. कसं कळणार? त्यांना आमचे चौगुले मास्तर भेटले नव्हते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. लाल गाडीच्या कंडक्टरला आपल्याकडं मास्तर म्हणतात, आणि वसंत चौगुले तीस वर्षं कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी गल्लीला मास्तरच राहिले. उंची बेताची, डोक्यावर पांढरी टोपी, पोट दोन पावलं पुढं आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी बोलले तर माझ्या दुकानाची काच वाजायची. पाकीट त्यांनी जन्मात बाळगलं नाही. नोटांच्या उभ्या घड्या करून डाव्या हाताच्या बोटांत खोचायच्या, दहाच्या एकीकडं, विसाच्या एकीकडं, आणि तसंच मंडईत निघायचं. भाजीवाल्या चिडवायच्या, "मास्तर, एक फुल दोन हाफ द्या." मास्तर गंभीरपणे म्हणायचे, "सुट्टे काढा."

निरोप घ्यायची त्यांची एक तऱ्हा होती. येतो, जातो असलं काही नाही. काउंटरवर बोटानं दोनदा टकटक करायचे आणि चालू लागायचे. मी पहिल्यांदा विचारलं तर म्हणाले, "एक बेल म्हंजे थांब. डबल बेल म्हंजे चला. एवढं तुला म्हाईत न्हाय, आणि दुकान चालवालीस व्हय?"

फाटक्या नोटेचा मात्र त्यांना मनापासून राग. आख्ख्या नोकरीत फाटकी नोट घेतली नाही आणि दिलीही नाही, हे ते दिवसातून एकदा तरी सांगायचे. मी एकदा खोड काढली. शंभर नोटांच्या गड्डीत मध्येच एक चिकटवलेली घातली आणि म्हटलं, मास्तर, जरा मोजून द्या. त्यांचं सगळं लक्ष समोरच्या कुत्र्यांच्या भांडणाकडं. बोटं आपली चाललेली. एकदम थांबले, नजर न वळवताच एक नोट बाहेर ओढली आणि काउंटरवर ठेवली. "हिचं ऑपरेशन झालंय," म्हणाले.

तर अशा माणसाला निवृत्तीनंतर त्या नोटांच्या वेबसाइटचा शोध लागला. कुणी दाखवली देव जाणे. आपल्या हातातल्या नोटेचा नंबर आणि आपलं गाव तिथं टाकायचं आणि नोट खर्च करायची. पुढं ती दुसऱ्या सभासदाच्या हाती पडली आणि त्यानंही नंबर टाकला, की नोट कुठनं कुठं गेली ते नकाशावर दिसतं. वर कमाई पण होती. आपल्या कोडवर नवा सभासद आणला की माणशी दहा रुपये. पण त्यानं नुसतं नाव नोंदवून भागत नव्हतं. स्वतः पाच नोटांचे नंबर टाकले तरच तो मोजायचा, आणि असे वीस झाले की दोनशे रुपये बँकेत.

मी संशयी बाई. विचारलं, "ओटीपी मागत न्हाईत न्हवं? आधी पैसे भरा म्हणत न्हाईत न्हवं?" मास्तर म्हणाले, "अगं, उलट त्येच देणार हाईत. मी तीस वर्षं नोटा पुढं पाठवत आलो. त्या कुठं उतरल्या, मला कधी कळलं काय? आता कळंल की." दहा रुपयांचं खूळ नंतरचं. नोट कुठं उतरली, हे त्यांचं खरं खूळ होतं.

मग गल्लीच्या मागं साडेसाती लागली. पहिली सभासद मी. दुसऱ्या त्यांच्या बायको, शालनकाकू. मग दूधवाला, न्हावी, गिरणीवाला. मास्तर दारात उभे राहून हुकूम सोडायचे, "काढ बघू पाच नोटा!" आणि नोटा असायच्या कुणाकडं? सगळ्यांचा पैसा मोबाईलमध्ये. मग मास्तर स्वतःच्या बोटांतल्या पाच नोटा द्यायचे, त्याच्याकडनं नंबर टाकून घ्यायचे आणि नोटा परत घ्यायचे. तेच पुढच्या दारात. चार दिवसांनी वेबसाइटनं हरकत घेतली की एकच नोट एकाच गल्लीत एका दिवसात सात जणांकडं कशी? मास्तरांनी मला उत्तर लिहायला सांगितलं, "कोल्हापूरची माणसं चपळ हाईत." मी काही लिहिलं नाही, आणि त्यांनी काही परत तसं केलं नाही.

मिसळीच्या दुकानात तर त्यांना बघून मालक तोंड फिरवायचा. मास्तर तीस-चाळीस रुपये द्यायला अर्धा तास घ्यायचे. "पावणं, ही विसाची. हिचा शेवट सातशे शेहेचाळीस. कुणाला द्याल त्याला सांगा, नंबर टाक म्हणावं." मागं रांग लागलेली, कटाचा वास सुटलेला, लोक ओरडायला लागलेले. नोटेवर काही लिहायचं नाही हा त्यांचा धर्म, त्यामुळं सगळं तोंडी. शेवटी मीच वैतागून तोड काढली. चिठ्ठ्या छापून दिल्या. बोटभर लांब, त्यावर वेबसाइटचा पत्ता, मास्तरांचा कोड, खाली 'आपला, चौगुले मास्तर, कोल्हापूर' आणि सगळ्यात वर, त्यांच्या हट्टानं, 'प्रवाशांसाठी सूचना'.

एवढं करून नोटा कुठं गेल्या? कुठंच नाही. दूधवाल्याला दिलेली नोट माझ्या दुकानात यायची, माझ्याकडनं गिरणीत, गिरणीतनं काकूंच्या भिशीत, आणि भिशी लागली की परत मास्तरांच्या घरी. एक विसाची नोट दोन महिन्यांत चार वेळा त्यांच्या हातात आली. नकाशा उघडला की एकच ठिपका. कोल्हापूर ते कोल्हापूर. मास्तर तिच्याकडं बघून म्हणाले, "बिनतिकिटाची प्रवासी हाय ही. टप्पाच ओलांडंना झालीय." काकू आतनं म्हणाल्या, "तुमच्यावर गेलीय."

आता खोत ड्रायव्हरबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

गणपतराव खोत हे कागलचे. अठरा वर्षं मास्तर आणि ते एकाच गाडीवर. बिद्रीच्या बाजूला उसाच्या ट्रॅक्टरमागं तासन्तास अडकावं, एकाच डब्यातलं जेवावं, घाटात गाडी बंद पडली तर दोघांनी मिळून एकाच प्रवाशाशी भांडावं. खोत म्हणायचे, घंटीच्या आवाजावरनं मला मास्तरचा मूड कळतोय. एवढी जोडी. आणि ती मोडली एका शंभराच्या नोटेवरनं.

खोतांच्या मुलीचं लग्न होतं. मास्तरांनी आहेर केला पाचशे एक. शंभराच्या पाच नोटा आणि वर रुपयाचं नाणं. संध्याकाळी पाहुण्यांसमोर पाकिटं फोडली, तर मास्तरांच्या पाकिटातली एक नोट कोपऱ्यात फाटलेली, वर चिकटपट्टी. खोतांचे मेहुणे हसले, "दाजी, तुमच्या मास्तरनं खपवली बघा!" दुसऱ्या दिवशी खोतांनी डेपोत सगळ्यांसमोर विचारलं. आणि मास्तरांना फाटक्या नोटेचं विचारायचं म्हणजे! त्यांचा आवाज पार स्टँडबाहेर गेला. "वसंत चौगुले फाटकी देत न्हाय! तुझ्याच घरात कुणीतरी बदलली असंल." हे 'तुझ्याच घरात' खोतांना लागलं. लेकीच्या लग्नात घरच्यांना चोर म्हटल्यासारखं झालं ना ते! त्या दिवसापासनं बोलणं बंद. दोघांनी गाड्या बदलून घेतल्या, पुढं निवृत्त झाले, आणि नऊ वर्षं एकमेकांचं तोंड बघितलं नाही. कागल काय लांब आहे? अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. पण मास्तर कागलवरनं जाणाऱ्या गाडीत बसायचे नाहीत.

आणि मास्तरांजवळ पुरावा होता. कुठल्याही आहेराच्या नोटांचे नंबर ते आधी डायरीत लिहायचे. ही सवय मी दुसऱ्या कुणात बघितली नाही. खोतांच्या मुलीच्या लग्नाचे पाच नंबर त्या डायरीत होते. वर्षातनं एकदा तरी ते पान उघडून मला दाखवायचे. "ती फाटकी मला एकदा दाखव म्हणावं. नंबर जुळला तर मिशी काढतो." मी म्हणायचे, "मग जावा की कागलला." ते डायरी मिटायचे. एकदा मात्र मिटता मिटता म्हणाले, "सुनंदा, तेच्यासारखी गाडी कुणी हाकली न्हाई बघ. मागच्या बाकावरची म्हातारी झोपली असली तर खड्डा चुकवायचा." आणि टकटक न करताच गेले. तेव्हा मला कळलं की यांना भांडण जिंकायचं नाही, गडी परत पाहिजे आहे. पण तोंडानं म्हणतील तर चौगुले कसले!

असो. नोटांना टप्पा ओलांडायला लावायचं म्हणून मास्तरांनी हुपरीचा एक चांदीवाला गाठला. पैंजण घेऊन तो आग्र्यापर्यंत जायचा. माझ्याच दुकानात बिलबुकं छापायला आलेला. मास्तरांनी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला, पन्नासाच्या चार नोटा चिठ्ठ्यांसकट हातात ठेवल्या आणि बदल्यात त्याच्याकडनं दोनशे मोजून घेतले. "पावणं, आग्र्याला खर्च करा. वाटंत मोडू नका." पाहुणा म्हणाला, "मास्तर, ताजमहालावर ठेवून येतो की!" आठ दिवस मास्तर रोज नकाशा बघायचे. नवव्या दिवशी एक ठिपका उठला. कागल.

"आग्र्याची सवारी कागलला उतरली!" मास्तर दुकानात येऊन ओरडले. "ह्या हुपरीकरानं आमची नोट चहात घातली!" मी मोबाईल घेऊन बघितलं. पन्नासाची नोट, कागल स्टँडजवळचं चहाचं दुकान. आणि नुसती नोट नव्हती. मास्तरांच्या कोडवर एक नवा सभासद झाला होता. विसावा. सभासदानं स्वतःसाठी घेतलेलं नाव मी मोठ्यानं वाचलं, "डबल बेल."

 मास्तरांनी टोपी काढली, परत घातली. मग म्हणाले, "असंल कोणतरी." मी म्हटलं, "असंल की. कागलमध्ये असं नाव घेणारे पन्नास असतील." माझ्याकडं रागानं बघितलं, पण हसू दाबताना मिशी हलली.

या डबल बेलनं त्या दिवशी चार नोटा टाकल्या आणि थांबला. पाचवी नाही. पाचवी आली की विसावा माणूस मोजला जाणार, दोनशे रुपये येणार. पण मास्तरांना दोनशेचं काय पडलं होतं! दिवसातनं पाच वेळा दुकानात. "आला काय गं पाचवा?" मी म्हणायचे, "फोन करून विचारा की." "मी कशाला विचारू? एक बेल दिलीया त्येनं. थांबलोय मी." तीन आठवडे हा माणूस थांबला. चहा कमी केला, भाजीवालीशी घासाघीस बंद केली. काकू माझ्याकडं येऊन म्हणाल्या, "सुनंदा, ह्यांस्नी बघवंना झालंय मला." आणि काहीतरी बोलायला गेल्या, पण पदर तोंडाला लावून परत गेल्या.

एका सोमवारी सकाळी पाचवी आली. शंभराची. जुनी. खाली शेरा लिहिलेला. मी वाचला, "उजव्या कोपऱ्यात फाटकी. चिकटपट्टी लग्नातलीच."

मास्तर पळत घरी गेले आणि डायरी घेऊन आले. मागनं काकू. मी मोबाईलवरचा नंबर एकेक आकडा करून वाचला, मास्तर डायरीवर बोट फिरवत गेले. पाचात एकही नंबर जुळला नाही. पानावर थाप मारून ते ओरडले, "बघ! माझी न्हवं! नऊ वर्षं बोंबलालोय मी!"

"नोट आपलीच हाय," शालनकाकू म्हणाल्या.

काकू पदराशी चाळा करत पुढं सांगू लागल्या.

"त्या दिवशी रिक्षावाला दारात, गजरेवाली दारात, आणि तुम्ही आंघोळीला. मी तुमच्या आहेराच्या पाकिटातनं एक शंभर काढली आणि तांदळाच्या डब्यातली घातली. पट्टी लावलेली. म्हटलं, लग्नाघरी कोण बघतंय. तुम्ही डेपोत एवढं बोलून आलासा, मग मी कुठल्या तोंडानं सांगणार? आज सांगतो, उद्या सांगतो म्हणत नऊ वर्षं गेली की हो." आणि काकू रडायलाच लागल्या.

मला वाटलं आता काच फुटणार. मास्तरांनी डायरी मिटली. मग म्हणाले, "म्हंजे मी बी खरा, आणि ड्रायव्हर बी खरा?" आणि असे हसले, असे हसले की गिरणीवाला पीठ टाकून बघायला आला. हसताना डोळ्यांतनं पाणी काढून काकूंना म्हणाले, "रडतीस काय? गजरा तरी चांगला हुता काय?"

दोनशे रुपये चार दिवसांनी जमा झाले. मास्तरांनी मोबाईलवर ठेवले नाहीत. बँकेत जाऊन शंभराच्या दोन कोऱ्या नोटा मागून आणल्या. "चल कागलला," काकूंना म्हणाले. काकू मला म्हणाल्या, "तूबी चल. दोघं भांडाय लागली तर आवरायला कोण?" मी दुकानाला कुलूप लावलं. गाडीत मास्तरांनी कंडक्टर पोराला तिकीट कसं फाडायचं ते शिकवायला घेतलं. मशीनमधनं निघतं, फाडायचं नसतं, असं तो सांगत होता.

कागल स्टँडजवळच्या चहाच्या दुकानात बाकावर खोत बसले होते. काटकुळे, लांब हाताचे. मास्तरांना बघून उठले नाहीत, पण सरकले. बाकावर एका माणसाची जागा झाली. मास्तर बसले. दोघंही रस्त्याकडं बघत.

"पाचव्याला लई वेळ लावलास," मास्तर म्हणाले.

"घातलीच न्हवती आधी. म्हटलं, परत वरडतोस का काय."

"बँकेत बदलून मिळाली असती की रे ती. नऊ वर्षं कशाला ठेवलीस?"

"बदलली असती तर तुझ्यासंगं भांडाय काय उरलं असतं?" खोत म्हणाले.

मास्तरांनी बोटांतली कोरी शंभराची ओढली. "चुकी माझ्या घरातली हाय. तुझ्या घरातली न्हवं. मी तवा बोललो ते वाईट बोललो." एवढं सगळ्यांसमोर, त्यांच्या त्या आवाजात, चहावाल्यापासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल असं. "फाटकी दे, कोरी घे." खोतांनी शर्टाच्या आतल्या खिशातनं प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतनं ती नोट. मास्तरांनी तिच्यावरनं अंगठा फिरवला आणि काकूंकडं बघितलं. "तांदळाचा वास अजून हाय बघ." काकूंनी लाजून तोंड फिरवलं. दुसरी कोरी नोट मास्तरांनी चहावाल्याला दिली आणि अख्ख्या स्टँडला चहा सांगितला.

त्यानंतर दीड वर्ष खोत दर गुरुवारी स्कूटरवरनं आमच्या गल्लीत यायचे. दोघं माझ्या दुकानासमोर बसून नकाशा बघायचे आणि वाद घालायचे. हुपरीच्या पाहुण्याकडनं एक नोट शेवटी खरंच आग्र्याला उतरली आणि तिथं एक नवा सभासद झाला. त्या दिवशी मास्तरांनी गल्लीत पेढे वाटले, दहा रुपयांच्या कमाईवर तीनशेचे पेढे.

मग मास्तरांच्या मुलानं त्यांना नागपूरला न्यायचं ठरवलं. वय झालं होतं, गुडघे गेले होते. निघायच्या दिवशी काकू सामानासकट स्टेशनला जायच्या रिक्षात बसल्या. मास्तर दुकानात आले. माझ्या हातात ती शंभराची ठेवली, चिकटपट्टीची. "बदलू नकोस. खर्च करू नकोस."  

बाहेर खोतांनी स्कूटर चालू करून ठेवली होती. मुलगा म्हणाला, "बाबा, रिक्षात या की, गुडघे दुखतील." मास्तर म्हणाले, "माझी गाडी लागलीय." कण्हत कण्हत मागच्या सीटवर बसले, टोपी नीट केली, एकदा मागं वळून सगळी गल्ली बघितली, प्रवासी चढले का बघावं तशी. मग खोतांच्या पाठीवर बोटानं दोनदा टकटक केलं.

खोतांनी गिअर टाकला आणि गाडी निघाली. गल्लीच्या तोंडाशी मोठा खड्डा आहे, तो त्यांनी चुकवला.